मीठ कमी

आमटीत मी मुद्दामच मीठ घातलं नाही. बघू म्हटलं, कळतंय का.

नवरा भुरके मारत होता, पण नजर समोरच्या काचेच्या टाकीवर. तिथल्या खाऱ्या पाण्यात, प्रवाळांच्या आडोशाला ती निळी मासोळी असते. खाण्याचे नखरे फार. तिला तो ‘बाईसाहेब’ म्हणतो. मला ‘अगं’.

भात आणायला आत गेले, तोच हाक आली, “अगं, मीठ कमी पडलंय.”

कळलं तर. माझा सगळा राग उतरला. मिठाची बरणी घेऊन बाहेर आले, तर तो ताटावरून उठून टाकीचं पाणी तपासत होता.

“हे नको,” बरणी बघून तो म्हणाला. “घरातल्या मिठानं मरेल ती.” मग परत जेवायला बसला. “आमटी वाढ ना अजून. मस्त झालीये.”

बरणी माझ्या हातातच होती. टाकीला झाकण नव्हतं.