राब पेटवण्याआधी

भाताचं बी टाकायच्या आधी जमीन भाजायची, म्हणून चिमाजीआबांनी खाचरात फांद्या, पाचोळा आणि शेणाचा राब रचला होता. आज ते पेटवायला आले तर बांधावर नूतनबाई सकाळच्या शाळेची पोरं घेऊन उभ्या. “आबा, एकाच टोकाला काडी लावा. चारी बाजूंनी पेटला की आत लपलेल्या सापसरड्यांना वाटच राहत नाही.” “दरसाल चारी अंगानं पेटवतोय, बाई. आत काय बी नसतं,” आबा म्हणाले. पण पोरांत त्यांची नातही होती, म्हणून ते काडेपेटी मुठीत धरून थांबले. बाई पोरांना म्हणाल्या, “पाय आपटा. सापाला जमिनीचा हादरा लगेच कळतो.” पोरं या टोकाला धपाधप पाय आपटू लागली आणि त्या टोकातून पुरुषभर लांब धामण बाहेर आली. आबांनी काठी उचलली. “मारू नगा, आबा,” नात म्हणाली, “आपल्या भातातलं उंदीर तीच खाती.” काठी वरच्या वर राहिली. धामण बांधापलीकडच्या गवतात गेली, तिच्यामागनं दोन सापसुरळ्या गेल्या, तेव्हा कुठं आबांनी काडी ओढली, एकाच टोकाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बाईंना शेजारच्या खाचरात बंडू काडेपेटी घेऊन ताटकळलेला दिसला. “आता तरी पेटवू का?” तो विचारत होता. दुखरे गुडघे सांभाळत आबा त्याच्या राबाशी पाय आपटत होते. “दम धर जरा,” ते म्हणाले, “आतलं बिऱ्हाड हलू दे.”