तिच्याहून जाड

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी वजन कमी करू पाहणाऱ्या लठ्ठ माणसांचा गट जमायचा आणि प्रत्येक जण आळीपाळीनं मन मोकळं करायचा. त्यात वर्षभर हेमलताच सर्वांत जाड होती. त्या रविवारी तिच्याहूनही जाड अशी एक नवीन बाई धापा टाकत आत आली आणि हेमलताला हायसं वाटलं. बाई बसताच प्लास्टिकची खुर्ची करकरली. हेमलताला फिसकन हसू फुटलं.

पदर दंडावर ओढून घेत ती बाई हळूच म्हणाली, "हसा ताई. मला सवय आहे."

हेमलताची कानशिलं तापली. लग्नमंडपात, एसटीत, कपड्यांच्या दुकानात हेच हसू तिनं जन्मभर सोसलं होतं आणि आज ते तिच्याच तोंडून निघालं होतं. बोलायची पाळी आली तेव्हा ती कशीबशी उभी राहिली. "मघाशी मी या ताईंना हसले. माझ्याहून जाड कुणीतरी आलं, म्हणून मला बरं वाटलं होतं." एवढं बोलून तिनं मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही.

सभा संपताच ती निसटायला निघाली. जिन्याच्या तोंडाशी मागून हाक आली.

"ताई, मीपण आत येताना आधी तेच बघितलं," नवीन बाई म्हणाली. "माझ्यापेक्षा जाड कुणी आहे का ते. कुणीच नव्हतं."

अरुंद जिन्यावर दोघी शेजारी मावणार नव्हत्या. हेमलता एक पायरी खाली उतरली, थांबली आणि म्हणाली, "माझ्या खांद्यावर हात ठेवा. सावकाश उतरू."