पहिली पसंती

"वर टाकायचं ते काचेच्या इमारतीवाल्या कॉलेजाचं नाव. विषय संपला," म्हणत बापानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

विषय कसला संपतोय! मुलीच्या डोक्यात केव्हाचाच जाळ झाला होता. कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज पाचला बंद होणार, साडेचार वाजून गेलेले, आणि पहिल्या क्रमांकावर कुठलं कॉलेज टाकायचं यावरून घरात सकाळपासून रणकंदन. गुण असे होते की जे वर टाकेल तेच मिळणार. म्हणजे आता चुकलं की तीन वर्षं पाण्यात.

"बाबा, परवा त्या कॉलेजात तुम्हीच लेथखाली बोट फिरवून पाहिलंत," ती म्हणाली. "काय लागलं बोटाला?"

बाप अर्जाचं पान उगाच वर-खाली सरकवू लागला.

"मी सांगते. काहीसुद्धा नाही. ना तेल, ना लोखंडाचा कीस. यंत्रावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही मेल्यांनी! पाहुण्यांना दाखवायला मांडून ठेवलंय नुसतं. तीस वर्षं लेथवर लोखंड कातत टर्नर म्हणून काढलीत, आणि एवढं कळलं नाही होय तुम्हाला?"

"कळलं. न कळायला काय झालं? पण नाव आहे त्यांचं. त्या जुन्या तंत्रनिकेतनात शिकलीस, तर माझ्यासारखीच उभी राहशील जन्मभर, नखांत काळं घेऊन."

"मग राहीन!"

"जीभ आवर!"

"पाचला बंद होतं ना ते?" शिलाई मशीनवरची मान न उचलता आई म्हणाली. "आधी भरा. भांडायला अख्खी संध्याकाळ पडलीय."

मुलीनं हिसका देऊनच लॅपटॉप फिरवला. निदान बाकीची माहिती तरी तपासावी म्हणून ती पानाच्या वरच्या टोकाला गेली आणि तिथंच थांबली. वडिलांचा व्यवसाय : उद्योजक.

"हे कुणी लिहिलं?"

बापानं खिडकीकडे पाहिलं. "मीच. बरं दिसतं."

"कुणाला?"

तिला संताप अनावर झाला. शेजारणीनं हिणवलं असतं, मामानं नाक मुरडलं असतं, तर तिनं तोंडावर सुनावलं असतं. पण या माणसाला स्वतःचीच लाज वाटावी? ज्याच्या हातचा दांडा अर्ध्या केसानंही वाकडा निघत नाही, त्याला?

तिनं तो शब्द खोडला. एकेक अक्षर ठोकत 'टर्नर' लिहिलं आणि लॅपटॉप त्याच्यापुढे आदळला.

"घ्या. आता तुम्हाला हवं ते कॉलेज टाका. मी एक अक्षर बोलणार नाही. पण आधी हे वाचा."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. आईचं मशीन थांबलं होतं. पाचला सहा मिनिटं कमी होती.

बापानं पँटला हात पुसला. मग जुन्या तंत्रनिकेतनाचं नाव धरून सगळ्यांच्या वर नेलं आणि बटण दाबलं. चेहऱ्यावरचा राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

"काल बघून आलोय तिथं. त्यांच्या तिसऱ्या लेथचा पट्टा सैल आहे," तो खेकसला. "पहिल्याच दिवशी सांग त्यांना. बोटं जातील पोरांची."