चर्चमागचं मैदान

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून केक कापायला घेतला, तेवढ्यात थोरलीने विचारलं, "डॅडी, तुम्ही आईला लग्नाचं नेमकं कुठे विचारलंत?"

ट्रेव्हरची सुरी केकमध्येच थांबली. मॉरीन त्याच्याकडे शांतपणे बघत होती, आणि तिची ही शांतता त्याच्या चांगलीच ओळखीची होती.

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. दोघांनी यॉर्कशायरमधल्या तीन गावांची क्रिकेटची मैदानं पालथी घातली होती. गिरणीजवळच्या मैदानावर पाहुण्यांचा त्रेसष्ट धावांत खुर्दा उडाला, चर्चमागच्या मैदानावर षटकार थेट थडग्यांमध्ये जाऊन पडला, उतारावरच्या मैदानावर चहाबरोबर काकडीची सँडविचेस होती. लग्नाचं तेवढं कुठेच आठवेना.

"बोल की," मॉरीन म्हणाली. "धावा तर पाठ आहेत तुझ्या."

ट्रेव्हरने कपाळ पुसलं.

"चर्चमागे!" तो एकदम म्हणाला. "थडग्यांपाशी. मी गुडघ्यावर बसलो होतो, पक्कं आठवतंय!"



"चेंडू शोधायला बसला होतास. विचारलं मी, आणि तू म्हणालास, 'थांब गं, आधी चेंडू सापडू दे.' उत्तर अजून यायचंय."