परळचा कौल

खानावळ परळला नेल्याने जयवंतच्या पदरात बरंच काही पडणार होतं. काचेचं दार, एसी, गाड्या लावायला जागा, आणि भाव न विचारता सुरमई मागवणारं गिऱ्हाईक. फणसवाडीतल्या खानावळीत लोक बाकावर दाटीवाटीने जेवत आणि हात धुवायला रांग लावत. परळच्या बंद गिरणीच्या जागी आता ऑफिसं उभी राहिली होती, आणि तिथल्या पोरापोरींना दुपारी भूक लागत होती. जमेला एवढं सगळं. समोरच्या बाजूला फक्त एक सही, कारण खानावळ बापाच्या नावावर होती.

"सही करतो की," गुणाजी म्हणाला. "आधी देवीला विचारू."

"अप्पा, देवीला हॉटेल लाइनमधलं काय कळतं?"

"खानावळ तिच्याच विचाराने चाललीय. तू हॉटेलाचं शिकलास ते त्याच खानावळीवर."

ठाकूरद्वारच्या एका वाडीत गावकऱ्यांच्या मंडळाची खोली होती. कोकणातून आणलेली देवी तिथे बसवली होती. म्हातारा कुशाबा गुरव तिच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुणाजी गिरणीत होता. गिरणी संपाला वर्ष उलटल्यावर शेजारचा लहू गुपचूप कामावर जाऊ लागला, तेव्हा गुणाजीने इथेच विचारलं होतं, मीही जाऊ का? देवीने डावी दिली. लहू रिटायर होईपर्यंत पगार घेत राहिला. गुणाजीला गिरणीने परत घेतलं नाही. मग शेवंतीने, त्याच्या बायकोने, खानावळ काढली. तीही देवीने उजवी दिल्यावरच.

"तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?" जयवंतने आता विचारलं.

"कसलं? तिने सांगितलं, मी ऐकलं. डावी ओलांडली की ओलांडणाऱ्याला भोवते."

"ऐकली की घरच्यांना भोवते," जयवंत म्हणाला. "आई चुलीपाशीच गेली."

गुणाजीने चष्मा काढून पुसला.

"डावी आली तर परळचा विषय बंद," तो म्हणाला. "कबूल?"

"कबूल."

कौलाला जयवंत पहिल्यांदाच आला होता. आजवर घरी त्याला निकाल तेवढा कळायचा. कुशाबाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. जयवंतने श्वास रोखला होता. देव न मानणाऱ्या माणसाच्या मानाने जरा जास्तच.

मग त्याच्या उजव्या हाताकडची पाकळी सुटली.

"पडली! उजवी ना, अप्पा?"

गुणाजीने पाकळीकडे पाहिलं, मग पोराकडे. जयवंत दहावी पास झाला तेव्हा असाच हसला होता.

"उजवी," गुणाजी म्हणाला.

कुशाबा काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात गुणाजीने नारळ त्याच्या हातात दिला. जयवंत दलालाला फोन करायला बाहेर पळाला.

परळचं हॉटेल पहिल्या महिन्यापासून चाललं. पाटीवर 'गुणाजीज्' असं लिहिलं होतं. बापाच्या नावाला शेवटी एक 'ज' वाढवून मिळाला होता. बाप मात्र तिथे फिरकला नाही. उद्घाटनाला त्याचा गुडघा दुखत होता, नंतर दुसरा दुखू लागला. जयवंत रोज घरी डबा आणायचा. डबा तसाच राहायचा.

"शेजारच्या गंगुबाईची पेज चालते, माझी आमटी चालत नाही?"

"दात राहिले नाहीत रे."

"सोलकढी प्यायला दात लागतात?"

गुणाजी हसला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

जयवंतने हिशेब लावला, म्हाताऱ्याचा गिरणीवरचा राग अजून गेलेला नाही आणि तो आपल्यावर निघतोय. ओळखीच्यांना तो तसं सांगूही लागला. "अख्खी मुंबई जेवून जाते, बापाला तेवढं गोड लागत नाही." मग त्याने डबा आणणं बंद केलं, आणि हळूहळू बोलणंही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी गुणाजी गेला. बापलेकांमधलं शेवटचं बोलणं लाइटच्या बिलाबद्दल होतं.

पुढच्या वर्षी जयवंतला दादरला दुसरी शाखा काढायची होती. परळला लाभलं, म्हणून तो पुन्हा कुशाबाकडे गेला. धंद्यात जे लाभतं ते माणूस पुन्हा करून बघतो, विश्वास असो वा नसो.

यावेळी पाकळी लवकर सुटली. त्याच्या उजव्या हाताकडची.

"चला," जयवंतने खिशातून फोन काढला. "उजवी."

"डावी," कुशाबा म्हणाला.

"डोळे तपासून घ्या, कुशाबा. या बाजूची पडली. हा माझा उजवा हात."

"तुझा उजवा. पण तू तिच्या समोर उभो हस. उजवी-डावी तिच्या हाताने बघायची, आपल्या न्हय."

जयवंत देवीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"गेल्या वेळी पण याच बाजूची पडली होती."

"व्हय."

"म्हणजे अप्पांचं चुकलं?"

"गुणाजीचा चुकात? जन्म गेलो त्याचो हय कौल घेण्यात."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

कुशाबाने पडलेली पाकळी उचलून ताम्हणात ठेवली.

"त्याने शपथ घातलेली. तू फोन करूक भायर गेलंस, आणि गुणाजी देवीच्या पायाशी आडवो पडलो. म्हणालो, 'पोराक म्हायत नाय, म्हणून त्याने तुझी डावी ओलांडूक नाय. मी ओलांडलंय. त्या हॉटेलातलो एक घास माझ्या तोंडात जावचो नाय. जो काय भोग असात तो माझ्या पानात वाढ, त्याचा पान भरलेला ठेव.'"