घरच्या आवाजातला निरोप

दुपारी इंटरनेट बंद पडलं आणि लगेच फोन वाजला.

"विश्राम, नाक्यावर खोदकामात केबल तुटली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

आवाज कौसल्येचा होता. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

विश्राम तडक इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेले. "माझ्या बायकोचा आवाज कुणाला विचारून घेतलात?"

"काका, काकूंचे कॉल आमच्याच लाईनवरून जायचे ना! त्यावरूनच कॉम्प्युटर त्यांचा आवाज शिकला. घरच्या आवाजात कळवलं की गिऱ्हाईक भांडत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"तिनं जन्मात कधी मला नावानं हाक मारली नाही! बंद करा हे!"

मुलीनं काहीतरी टाईप केलं. "सॉरी काका. नावाची चूक दुरुस्त केली."

ते घरी पोचतात तोच फोन वाजला.

"अहो, जेवलात का? लाईन संध्याकाळी येईल."

शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

"नाही अजून," ते म्हणाले.