मऊ पट्टा

दुकानातल्या सीटवर बसून रेवतीने रेसिंग गाडीचा नवा पट्टा खांद्यांवरून ओढून लावला. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच दुधाने भरलेली छाती कुठे काचली नाही.

“हाच द्या,” ती म्हणाली.

तेवढ्यात पट्ट्याने तिचं अंग चाचपलं आणि तो बोलला, “चालक आई आहे. वेगमर्यादा साठ.”

“अहो, परवा शर्यत आहे माझी.”

“काळजीपोटीच आहे ते, ताई,” दुकानदार हसला.

रेवतीने नवऱ्याच्या कडेवरचं बाळ घेतलं. “निशाद, तू बस.”

निशादही शर्यतीतलाच. पट्टा म्हणाला, “चालक तयार. वेगमर्यादा नाही.”

“का हो, हे पोर काय माझ्या एकटीचं आहे?”

दुकानदार निशादच्या अंगावरचा पट्टा सोडवून त्याची घडी घालू लागला.

“तो जुना काढा, साधा.”

“तो फार काचेल, ताई.”

“काचू दे. मी कोण ते त्याला कळत नाही, तेच बरंय.”